अंगठ्यावर चाल, बोटावर खर्ज : एलिझाबेथ कॉटन यांचा पहिला अल्बम

बोटांनी गिटार वाजवायला शिकणाऱ्याला 'फ्रेट ट्रेन' हे गाणं पहिल्या वर्षभरात कुठे ना कुठे भेटतंच. क्लासच्या झेरॉक्समध्ये, यूट्यूबवरच्या धड्यात, नाहीतर एखाद्या टॅबच्या (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांनी दाखवणाऱ्या लिपीच्या) पुस्तकात. खाली बहुतेक वेळा रचनाकाराचं नाव नसतं, किंवा 'पारंपरिक' असं लिहून मोकळे होतात. जात्यावरच्या ओव्यांचंही आपल्याकडे असंच झालं, ओवी राहिली आणि रचणारी पुसली गेली. इथे मात्र रचणारी बाई पुसली जायचं काही कारण नव्हतं. हे गाणं रेडिओवर गाजलं तेव्हा ती हयात होती, वॉशिंग्टनजवळ एका कुटुंबात घरकाम करत होती. तिच्या हातचं आणि तिच्या गळ्यातलं मूळ ध्वनिमुद्रण आजही फोनवर दोन मिनिटांत सापडतं. ती बाई म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या एलिझाबेथ कॉटन, आणि हे परीक्षण त्यांच्या पहिल्या अल्बमचं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. 1958 साली फोकवेज कंपनीने तो 'फोकसाँग्ज अँड इन्स्ट्रुमेंटल्स विथ गिटार' या नावाने काढला. 1989 साली तोच अल्बम 'फ्रेट ट्रेन अँड अदर नॉर्थ कॅरोलायना फोक साँग्ज अँड ट्यून्स' या लांबलचक नावाने पुन्हा आला आणि आता तो स्मिथसोनियन फोकवेजकडे आहे. दोन नावं दिसली म्हणून दोन अल्बम समजू नका, आणि दोनदा पैसे तर मुळीच घालवू नका. एकूण 14 तुकडे आहेत, सगळे मिळून पाऊण तासाच्या आत संपतात. स्ट्रीमिंगवर ऐका, डाउनलोड घ्या किंवा सीडी मागवा, पण एक गोष्ट सोडू नका: सोबतची पुस्तिका. फोकवेजच्या संकेतस्थळावर ती फुकट पीडीएफमध्ये मिळते. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माइक सीगर यांची टिपणं तिच्यात आहेत. स्ट्रीमिंग ॲपवर फक्त गाण्यांची नावं दिसतात, आणि नावांवरून या अल्बमचं काहीच कळत नाही.

आणखी एक शब्दाचा घोळ. देवनागरीत मालगाडीचा 'फ्रेट' आणि गिटारीच्या दांडीवरचा 'फ्रेट' सारखेच लिहिले जातात. म्हणून पुढे दांडीवरच्या पट्टीला सतारीसारखं 'पडदा' म्हणू. 'फ्रेट' आलं की ती गाडी समजा.

पहिलाच तुकडा 'विल्सन रॅग'. शब्द नाहीत, नुसती गिटार. इथेच ठरवा की पुढचं कशावर ऐकायचं. फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर पातळशी एक सुरावट टुणटुणत जाते आणि 'हे एवढं नावाजलं का?' असं वाटतं. तोच तुकडा हेडफोनवर ऐका. सुरावटीच्या खाली जाड तारांवर एक हलका, उसळता खर्ज चालू असतो, तो आता कानावर येतो. छोटे स्पीकर खालचे सूर गाळतात, आणि या बाईंचा खर्ज मुळातच हलक्या हाताचा, त्यामुळे फोनवर निम्मं वादन पोहोचतच नाही. महागड्या हेडफोनची गरज नाही, साधे वायरवालेही चालतील. ध्वनिमुद्रण मोनो आहे, टेपची बारीक खरखर आहे, स्टुडिओचा घुमारा नाही. बाईंच्या घरी, निजायच्या खोलीत टेपरेकॉर्डर ठेवून केलेलं काम आहे ते. खरखर काढायला इक्वलायझरमध्ये वरचे सूर कापू नका. नखाचा आणि त्वचेचा तारेवरचा जो स्पर्श ऐकू येतो, तोही त्याच पट्ट्यात असतो आणि खरखरीबरोबर जातो.

आता मूळ मुद्दा. एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या. लहानपणी भावाचा बँजो आणि गिटार चोरून हाताळत शिकल्या. वाद्य भावाचं, तारा बदलायची सोय नाही. म्हणून ते उलटं धरलं. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या मांडीवर गिटार असते तेव्हा जाड सहावी तार वर, हनुवटीच्या बाजूला येते आणि बारीक पहिली तार खाली, गुडघ्याच्या बाजूला. अंगठा वरून येतो, म्हणून आपोआप जाड तारा त्याच्या वाट्याला येतात आणि तो खर्ज सांभाळतो. बोटं खालून येतात, ती चाल वाजवतात. कॉटनबाईंच्या हातात हे सगळं उलटलं. बारीक तार वर, जाड तार खाली. डाव्या हाताचा अंगठा बारीक तारांवर आला आणि चाल त्याच्याकडे गेली. तर्जनी जाड तारांवर गेली आणि खर्ज तिच्याकडे.

हे नुसतं गमतीदार आहे असं समजून पुढे जाऊ नका, कारण अल्बमचा सगळा आवाज यातूनच निघतो. अंगठा हा हाताचा सर्वांत जाड, वजनदार अवयव. एरवी ते वजन खर्जावर पडतं, म्हणून या शैलीतल्या बहुतेक वादकांचा खर्ज ठोकल्यासारखा येतो आणि चाल वर बारीक चमकते. इथे वजन चालीवर पडतं. पहिल्या तारेवरचा सूरसुद्धा गोल, भरीव, मांसल येतो. आणि खर्ज येतो तर्जनीच्या टोकाने खालून वर ओढलेला. ठोकलेला नव्हे, उचललेला. म्हणून तो उसळतो. गाडीच्या चाकांचा भास होतो तो याच उसळीमुळे.

दिशेचाही फरक आहे. आपला अंगठा वरून खाली ओढला की जाड तारेकडून बारीक तारेकडे जातो. त्यांचा अंगठा तसाच ओढला की बारीककडून जाडकडे जातो. कुठे दोन-तीन तारा एकदम छेडल्या असतील तिथे कान द्या. सुरांचा क्रम आपल्या सवयीच्या उलटा येतो, वरचा सूर आधी लागतो. पुष्कळ चांगले वादक या गाण्यांचे सगळे सूर बरोबर वाजवतात आणि तरी ते 'तसं' वाटत नाही, त्याचं कारण इथे आहे. टॅबच्या कागदावर कोणता सूर कधी ते लिहिता येतं, कोणत्या बोटाच्या वजनाने ते येत नाही.

डावखुऱ्या वादकांत जिमी हेंड्रिक्सचं नाव लगेच निघतं, पण तो उजव्या हाताची गिटार घेऊन तारा उलट्या क्रमाने बसवून घेत असे, म्हणजे अंगठ्याखाली जाड तारच यायची. तारा तशाच ठेवून उलटी वाजवणारा मोठा माणूस म्हणजे ब्लूजवाला अल्बर्ट किंग. पण तो इलेक्ट्रिकवर एकेक सूर खेचून वाजवणारा. चाल आणि खर्ज एकाच वेळी दोन वेगळ्या कामांना जुंपून, तेही उलट्या तारांवर, हे कॉटनबाईंचंच. अमेरिकेत या पद्धतीला त्यांच्याच नावाने 'कॉटन पिकिंग' म्हणतात. कापूस वेचणीवरची ही कोटी कुणाला गोड वाटेल, कुणाला नाही.

घरात डावखुरं मूल असेल आणि हे ऐकून 'मग तसंच शिकवू की' असं मनात आलं असेल तर थांबा. फायदा खरा आहे: कुणाच्याही घरची, कोणत्याही दुकानातली गिटार उचलायची आणि वाजवायची, एक स्क्रूही हलवायचा नाही. तोटे जास्त आहेत. कॉर्डचे सगळे छापील आकार निरुपयोगी होतात, शिक्षकाला हात धरून दाखवता येत नाही, आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या कॉर्डमध्ये उरलेल्या बोटांची मांडणी पार वेडीवाकडी होते. नवशिक्याने सरळ डाव्या हाताची गिटार घ्यावी. दुकानदार 'तारा उलट्या लावून देतो' म्हणाला तर त्याला दोन प्रश्न विचारा: नट (दांडीच्या टोकाची खाचांची पट्टी) बदलणार का, आणि सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी)? नटच्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत नीट बसत नाही, वरच तरंगते. बारीक तार रुंद खाचेत सैल पडून झणझणते. सॅडलची तिरपी बैठकही उलटी पडते, म्हणजे मोकळी तार सुरात आणि बाराव्या पडद्यावर बेसूर. हे दोन्ही बदलून देत असेल तरच तो सौदा करा.

परत अल्बमकडे. दुसरा तुकडा 'फ्रेट ट्रेन'. हे गाणं बाईंनी अकरा-बारा वर्षांच्या असताना रचलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबोरो गावात, घराजवळून जाणाऱ्या आगगाडीचा आवाज ऐकत. त्यांचा जन्म 1893 चा. घरी त्यांना नीट नावच नव्हतं, लाडाची हाकच होती. शाळेत पहिल्या दिवशी शिक्षिकेने विचारलं तेव्हा या पोरीने स्वतःच 'एलिझाबेथ' सांगून टाकलं. लहान वयातच शाळा सुटली, लोकांच्या घरी कामाला लागली आणि कमाईतून 3.75 डॉलरची गिटार आली. पुढे सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न, मुलगी, आणि चर्चमधल्या मंडळींचा आग्रह की ही ऐहिक गाणी सोड. सोडली. अधूनमधून चर्चमध्ये वाजवलं असेल तेवढंच, बाकी काही दशकं गिटार जवळजवळ बंद.

ती पुन्हा सुरू कशी झाली हा किस्सा अमेरिकन लोकसंगीताच्या प्रत्येक पुस्तिकेत असतो, म्हणून थोडक्यात. वॉशिंग्टनमध्ये लान्सबर्ग नावाच्या मोठ्या दुकानात बाई कामाला असताना एक हरवलेली लहान मुलगी त्यांनी आईकडे पोहोचवली. आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी सीगर. त्या ओळखीतून सीगरांच्या घरी काम मिळालं. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, आई लोकगीतांच्या स्वरलेखनात बुडालेली, मुलं गाणारी-वाजवणारी, सावत्र भाऊ पीट सीगर. घरभर लोकसंगीताचं संशोधन चाललेलं, आणि ज्या संगीताचा शोध चालू होता ते वाजवणारी बाई त्याच घरात इस्त्री करत होती. कुणाला पत्ता नव्हता. एक दिवस भिंतीवरची पेगीची गिटार त्यांनी काढली आणि वाजवली, तेव्हा कळलं. 'लिबा' हे नावही त्या मुलांनीच ठेवलेलं.

पेगीचा मोठा भाऊ माइक याने टेपरेकॉर्डर नेऊन हा अल्बम मुद्रित केला तेव्हा बाई पासष्टीच्या आसपास होत्या. हे लक्षात ठेवून आवाज ऐका. पट्टी छोटी आहे, दम कमी आहे, कुठे कुठे ओळीच्या शेवटी सूर किंचित उतरतो. गायकी शोधत आलात तर निराश व्हाल. पण शब्द बोलल्यासारखे येतात, कुठेही ओढून-ताणून भाव नाही, आणि गिटार गळ्याच्या मागे न राहता बरोबरीने चाल म्हणत असते. गळा जिथे थांबतो तिथे अंगठा ओळ पुरी करतो. 'फ्रेट ट्रेन'चे शब्द मरणाबद्दल आहेत, आपल्याला कुठे पुरावं याबद्दल. बारा वर्षांच्या मुलीने ते लिहिले आणि पासष्टीच्या बाईने गायले, तेही कसलाही गहिवर न आणता. पुढे या गाण्याची जेवढी गुळगुळीत रूपं निघाली, पीटर, पॉल अँड मेरी या गाजलेल्या त्रयीचंही त्यात आलं, त्यांत नेमकं हे हरवलं. गोड चालीत मरणाचे शब्द, आणि गाणारी दोन्हींपासून हातभर लांब.

शिकायला बसणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. गाणं सी कॉर्डच्या आकारात आहे, सोळा मात्राखंड. बहुतेक ठिकाणी मांडणी अशी शिकवतात: सी दोन, जी सेव्हन चार, सी दोन, ई सेव्हन दोन, एफ दोन, मग सी एक, जी सेव्हन एक आणि शेवटी सी दोन. उजव्या हाताने वाजवणाऱ्याने अंगठ्याचा खर्ज आधी पक्का करावा. सी वर पाचवी आणि चौथी तार आलटून पालटून, जी सेव्हन आणि ई सेव्हनवर सहावी आणि चौथी, छोट्या एफवर चौथी आणि तिसरी. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 वर, नुसता खर्ज, सोळाही खंड, कॉर्ड बदलताना न थांबता. सलग तीन आवर्तनं बिनचूक झाल्याशिवाय चालीला हात लावू नका. मग चाल घालताना आधी फक्त तेच सूर घ्या जे खर्जाच्या ठोक्यावरच पडतात, म्हणजे अंगठा आणि बोट चिमटीसारखे एकदम. ठोक्यांच्या मध्ये पडणारे सूर सगळ्यात शेवटी.

गाडी अडते ती ठरलेल्या दोन ठिकाणी. एक, चालीचा सूर ठोक्याच्या मध्ये आला की अंगठा त्याच्या मागे धावतो आणि खर्जाचा एक ठोका गळतो. यावर उपाय म्हणजे तो एकच खंड वेगळा काढून, खर्ज तोंडाने म्हणत वाजवणं. तोंड चुकलं नाही तर अंगठाही चुकत नाही. दोन, एफ. सहाही तारा एका बोटाने दाबून एफ धरला तर चालीसाठी बोट मोकळं उरत नाही आणि नवशिक्याची मनगटं आखडतात. खालच्या चार तारांचा छोटा एफ धरा. हात मोठा असेल तर डावा अंगठा दांडीवरून वळवून सहाव्या तारेचा पहिला पडदा दाबा, मग खर्जाला सहावी तारही मिळते.

सूर बसले की वजनाकडे या. आपल्या हाताला खर्ज जड आणि चाल हलकी वाजवायची सवय असते, ती उलटी करायची आहे. त्यासाठी तळव्याची कड सॅडलवर टेकवून खर्ज दाबायची जी प्रसिद्ध युक्ती आहे, ती इथे वापरू नका. अमेरिकन कंट्री गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या वाटेने जाणाऱ्यांची ती युक्ती. कॉटनबाईंचा खर्ज दाबलेला नाही, मोकळा आहे, नुसता हलका आहे. अंगठ्याचं पिकही (मिजराबासारखी नखी) काढून ठेवा, त्याने खर्ज आणखी धारदार होतो. अंगठ्याच्या मांसल बाजूने, जेमतेम तार हलेल इतकंच वाजवा आणि चालीच्या बोटाला पूर्ण जोर द्या. आठवडाभर विचित्र वाटेल. आणि वेग वाढवू नका. बाईंची लय चालणाऱ्याची आहे. यूट्यूबवर हेच गाणं पळवत वाजवणारे शेकड्याने सापडतील, त्यात मालगाडीची वंदे भारत होते.

अल्बममधला माझ्या मते सर्वांत कमी ऐकला जाणारा आणि सर्वांत जास्त ऐकण्यासारखा भाग म्हणजे 'वॅस्टोपोल' आणि 'स्पॅनिश फ्लँग डँग' हे दोन बिनशब्दांचे तुकडे. ही नावं कुठून आली ते पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात हेन्री वॉरल नावाच्या वादकाच्या दोन रचना अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत फार चालत. एक 'सेबास्टोपोल', क्रिमियन युद्धात त्या शहराला पडलेल्या वेढ्याची आठवण म्हणून. दुसरी 'स्पॅनिश फँडँगो'. दोन्हींसाठी तारा नेहमीपेक्षा वेगळ्या लावाव्या लागत. छापील कागदांबरोबर ही ट्यूनिंगं गावोगाव पोहोचली, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांच्या हाती आली, मूळ रचना मागे पडल्या आणि नावं झिजत झिजत ट्यूनिंगला चिकटली. सेबास्टोपोलचं वॅस्टोपोल झालं, फँडँगोचं फ्लँग डँग. क्रिमियाच्या किनाऱ्यावरच्या एका तटबंदीच्या बंदराचं नाव नॉर्थ कॅरोलायनातल्या मुलीच्या गिटारीवर असं येऊन बसलं.

तारा लावायची कृती. वॅस्टोपोलसाठी सहाव्या तारेपासून पहिलीकडे डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. म्हणजे नेहमीच्या लावणीतून सहावी ई वरून डी, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. पाचवी आणि चौथी जशीच्या तशी. स्पॅनिशसाठी डी, जी, डी, जी, बी, डी. म्हणजे सहावी डी, पाचवी जी, पहिली डी, बाकीच्या तीन तशाच. दोन्हींत एकही तार वर चढत नाही, त्यामुळे तुटायची भीती नाही. त्रास वेगळाच होतो, सैल तार पडद्यावर फडफडते. 10 गेजचा (पहिली तार 0.010 इंच जाडीची) सेट असेल तर सहावी तार डी वर नक्की कुरकुरेल, 12 चा सेट लावा. आणि तार उतरवताना थेट सुरावर थांबू नका. थोडी जास्तच उतरवून मग वर चढवत सुरात आणा, नाहीतर खुंटीत राहिलेला ढिलेपणा दोन मिनिटांनी बाहेर येतो आणि तार आणखी उतरते. लावून झाल्यावर डावा हात न लावता नुसत्या तारा छेडा. तंबोऱ्यासारखं, हात न लावताच आख्खी कॉर्ड वाजली पाहिजे. वॅस्टोपोलच्या लावणीत ती न वाजल्यास बहुधा तिसरी तार चुकली आहे, तीच जेमतेम अर्धा सूर उतरवायची असते आणि हात जास्त फिरतो.

'वॅस्टोपोल'मध्ये या लावणीचा फायदा कसा घेतला आहे ते ऐका. खर्जाला मोकळ्या तारा आपसूक मिळतात, दाबायला काही नाही, त्यामुळे दांडीवरचा हात फक्त चालीमागे फिरतो. शिकायला हा तुकडा 'फ्रेट ट्रेन'पेक्षा सोपा आहे, कुणी आधी शिकवत का नाही हे कोडंच आहे. बहुधा तारा बदलायचा कंटाळा.

'ओ बेब, इट एंट नो लाय' हे दुसरं मोठं गाणं. शेजारणीने चुगली केली, खोटं सांगितलं आणि आईचा मार खावा लागला, त्या रागातून लहानपणीच रचलेलं. रागाचं गाणं असून चाल अंगाईसारखी. पुढे ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक चमूने ते गायलं आणि त्यांच्या श्रोत्यांतले बरेच जण तिथून उलटे या बाईंपर्यंत आले. मूळ ऐकताना कडव्यांच्या मधल्या गिटारीकडे लक्ष द्या. प्रत्येक वेळी चाल तीच, पण एखादा सूर आधी किंवा नंतर सरकवलेला.

सगळं तेवढं भारी नाही. 'ग्रॅज्युएशन मार्च' कवायतीसारखं सरळ चालत राहतं, दुसऱ्यांदा लावावंसं वाटत नाही. चर्चच्या दोन जुन्या प्रार्थनागीतांची जोड आहे ती आदराने वाजवली आहे, एवढंच म्हणता येईल. 'एंट गॉट नो हनी बेबी नाऊ' रंगायच्या आत संपतं, मिनिटभराचंही नाही. आणि तीन चाली एकाला एक जोडून केलेला मधला लांब तुकडा संग्राहकाला उपयोगाचा असला तरी श्रोत्याला तो तुकड्यातुकड्यांचाच लागतो. हा दोष वाजवणारीचा कमी, मुद्रित करणाऱ्याचा जास्त. आठवतील तेवढ्या चाली टिपून घ्यायच्या होत्या, सलग ऐकण्याचा विचार बहुधा नंतर आला.

श्रेयाचं काय झालं, तेही सांगायला हवं. पेगी सीगर इंग्लंडला गेली तेव्हा 'फ्रेट ट्रेन' बरोबर घेऊन गेली, तिथे ते पसरलं, आणि 1957 साली चास मॅकडेव्हिटच्या स्किफल (साध्या, घरगुती वाद्यांवर लोकगीतं वाजवण्याची तिकडची शैली) चमूने नॅन्सी व्हिस्कीच्या आवाजात त्याची तबकडी काढली. तिकडच्या पहिल्या दहांत गाणं गेलं. तबकडीवर रचनाकार म्हणून भलत्याच दोघांची नावं. म्हणजे कॉटनबाईंचा स्वतःचा अल्बम निघायच्या आधीच त्यांचं गाणं दुसऱ्यांच्या नावावर गाजून गेलं होतं. पुढे भांडून तोडगा निघाला आणि त्यांचं नाव लागलं. तुमच्या स्ट्रीमिंग ॲपमध्ये गाण्याची माहिती उघडून पाहा, वेगवेगळ्या कलाकारांच्या आवृत्त्यांखाली आजही वेगवेगळी नावं दिसतील. मैफलीत हे गाणं वाजवणार असाल तर घोषणेत 'पारंपरिक' म्हणू नका. 'एलिझाबेथ कॉटन' म्हणायला दोन सेकंद लागतात.

मान मिळाला, पण फार उशिरा. 1984 मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप, 1985 मध्ये ग्रॅमी, तेव्हा वय 92. दोन वर्षांनी, जून 1987 मध्ये, सिरॅक्यूज इथे त्या गेल्या. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने 2022 साली दखल घेतली.

याच्या पुढे काय ऐकायचं? 1967 चा 'शेक शुगरी' घ्या. ध्वनिमुद्रण पहिल्यापेक्षा स्वच्छ आहे, हात जास्त मोकळा झाला आहे, आणि शीर्षकगीत बाईंनी नव्हे, त्यांची पणती ब्रेंडा इव्हान्स हिने गायलं आहे, वय वर्षं 12. कडवीही घरातल्या पोरांनी मिळून जुळवलेली. घेताना 2004 ची आवृत्ती पाहा, तिच्यात मूळ तबकडीवर नसलेले तुकडे जास्तीचे आहेत. ग्रॅमी मिळालेला आर्हूली कंपनीचा 'लाइव्ह!' तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्यात गप्पा जास्त, वादन वयाने थोडं सैल, पण श्रोत्यांना गायला लावण्याची हातोटी दिसते. 1979 चा 'व्हेन आय एम गॉन' मात्र हे सगळं आवडलं तरच. सुरुवात तिथून केलीत तर या बाईंबद्दल चुकीचा ग्रह होईल.

आणि ऐकून समाधान झालं नाही, हात पाहायचा असेल, तर साठच्या दशकात पीट सीगर 'रेनबो क्वेस्ट' नावाचा टीव्ही कार्यक्रम करत, त्याच्या एका भागात कॉटनबाई आहेत. कृष्णधवल चित्रण, कॅमेरा बोटांच्या बराच जवळ जातो. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त डावा अंगठा पाहा. तो कोणत्या तारेवर आहे ते डोळ्यांना पटलं, की मग आवाज चालू करा.